सुशीलाची नाडी

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी विसरता येते. न छापलेली पोटात साठत जाते. सत्तरच्या दशकात कारंज्याच्या आमच्या साप्ताहिकात असताना सुशीलाच्या आजारानं माझ्या पोटात अशा बऱ्याच जमा केल्या.

सुशीला आमच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटर नामदेवची मुलगी. हात गळून जातो म्हणून आम्ही तिला कचेरीसमोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डावं मनगट धरलं, उजवं धरलं, पुन्हा डावं. नाडीच लागेना! त्यांचा उतरलेला चेहरा पाहून सुशीलाच म्हणाली, "घाबरू नका डॉक्टर, जित्ती हाये मी. सकाळच्या भाकरी मीच थापल्या!"

*

रक्तवाहिन्यांना सूज होती. रक्ताची वाट अरुंद होत चालली होती, म्हणून मनगटात नाडी लागत नव्हती. डॉक्टरांचा संशय एका अमिनो ॲसिडवर. डाळी-दुधातल्या प्रोटीनपासून ते शरीरात तयार होतं. रक्तात साचलं तर रक्तवाहिन्यांना इजा करत असेल का? औषधं सुरू ठेवून दर महिन्याला रक्त तपासायचं ठरलं.

मी बातमी लिहिली. मालक शेठजींनी नेमकं 'डाळ' या शब्दावर बोट ठेवलं.

"मार्केटात तूर येऊन राह्यली अन् तुमी डाळीले बदनाम करता? अर्धा पेपर अडत्यांच्या जाहिरातींवर चालते!"

बातमी टोपलीत!

*

डॉक्टरांच्या संशयाबद्दल मी विचारलं, तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजचे एक प्राध्यापक म्हणाले, "तालुक्याच्या गावात रिसर्च होत नसतो."

मी म्हटलं, "मग आजार तरी काहून होते?"

*

रक्त उपाशीपोटी द्यायचं. पण दवाखान्याशेजारच्या जैन काकू पोरीला दर वेळी पोहे चारायच्या. "उपाशी लेकराचं रक्त काढता?" तपासणी दोनदा फुकट गेली. शेवटी डॉक्टरांनी हात जोडले, "काकू, तिच्यासाठी तुम्हीच उपास धरा." मग काय! काकूंनी घरच्या सुनांनाही उपाशी ठेवलं!

*

तेवढ्यात सुशीलाला कामरगावचं स्थळ आलं. नामदेव घाबरला. "लग्न होईपर्यंत दवाखाना बंद. कोणाले कळू देऊ नका." डॉक्टर ओरडले, "औषधं तोडली तर पोरगी हातची जाईल!" मीही नामदेवशी भांडलो. तो ऐकेना.

पाहुणे आले. मुलाचे आजोबा वैदू; सून पसंत करायची ती नाडी पाहूनच. त्यांनी सुशीलाचं मनगट धरलं. डोळे मिटले. बोटं सरकवली. कपाळाला घाम फुटला. नामदेव भिंतीला टेकला.

आजोबांनी डोळे उघडले. "एकदम शांत नाडी! पोरगी गुणाची हाये!"

सुशीलानं हात मागे घेतला नाही. "आबाजी, खोटं कायले बोलता? नाडी नाहीच हाये. मले दर महिन्याले दवाखान्यात रक्त तपासाले द्या लागते."

 मुलानं चहाची कपबशी खाली ठेवली आणि सुशीलाला विचारलं,

"कामरगावहून कारंज्याले सकाळची पहिली एसटी चालंल ना? उपाशीपोटी जा लागत असंन."