आज कुणीच आमेन म्हणालं नाही

आज पेणहून रोह्याजवळ मावशीकडे रविवारच्या प्रार्थनेला गेले होते. वाचन माझ्याकडे होतं. जुन्या बायबलची भाषा जड जाते, म्हणून सोप्या मराठीतलं नवीन भाषांतर नेलं.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला भाग होता. तारा पडतो, पाणी कडू होतं, ते पिऊन माणसं मरतात. एरवी यानंतर सगळे मोठ्याने आमेन, म्हणजे 'तसंच होवो', म्हणतात. आज कुणीच म्हणालं नाही.

"इतकी वर्षं आमेन म्हणत होतो, कशाला ते आज कळलं," काका म्हणाले. कुणी हसलं नाही.

मावशीने विचारलं, "आपली विहीर पण परवापासून कडवट लागते गो. तू कंपनीत पाणीच तपासतेस ना?"

"चवीवरून सांगता येत नाय, मावशी. बाटलीत भरून दे, उद्या तपासते."

मग नेहमीसारखा चहा आला, त्याच विहिरीच्या पाण्याचा. सगळे माझ्या कपाकडे बघत राहिले. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "तपासेपर्यंत कुणी पिऊ नका."

"आणि परवापासून प्यायलो, त्याचं काय?" मावशी म्हणाली.

मी बाटली भरून घेतली आणि घरी आले. बाटली आत्ता समोर टेबलावर आहे. पाणी स्वच्छ दिसतंय.

जुनं बायबल नेलं असतं, तर आमेन म्हणून सगळ्यांनी चहा घेतला असता. तुमच्याकडे कोणतं वाचतात?