संमतीची सही

वृद्धाश्रमातली ती माझी त्या दिवसातली सहावी मुलाखत. बोलून बोलून घसा सुकला होता. मानसशास्त्राच्या संशोधनासाठी मी एकटेपणावरची प्रश्नावली भरून घेत होते. संमतीपत्रावर लगेच सही करणाऱ्या कुसुमताई एका प्रश्नापाशी अडखळल्या. ‘तुम्हाला भेटायला शेवटचं कोण आलं होतं?’ त्यांचे डोळे भरून आले.

“नको असेल तर थांबू या, ताई. सक्ती नाही,” मी नियमाप्रमाणे म्हणाले.

“थांबलं की तू जाशील ना? विचार गं, सांगते मी सगळं.”

सही त्यांनी माझी सोबत मिळावी म्हणून केली होती आणि मी तिला संमती समजत होते. मी प्रश्नावली मिटली, खुर्ची जवळ ओढली. मग संध्याकाळपर्यंत काहीही न विचारता त्यांच्याजवळ बसून राहिले.