चौकोनात राहणारे घरमालक

बेंगळुरूत चोवीस तासांचा पुरा दिवस मी एकाच माणसाकडे पाहिला, आणि तो माणूस म्हणजे आमचे घरमालक. बाकी सगळ्यांचे दिवस सोळा-सतरा तासांतच संपायचे. कुणाचा रिंग रोडवर गाडीत बसून जायचा, कुणाचा मिटिंगांत जायचा आणि माझ्यासारख्याचा नक्की कशात गेला हे शोधण्यात जायचा. घरमालकांचा दिवस मात्र सकाळी पाच चाळीसला उघडायचा आणि रात्री नऊ पन्नासला मिटायचा. मधल्या प्रत्येक कामासाठी त्यांच्या फोनमधल्या कॅलेंडरात एक रंगीत चौकोन असे. आंघोळ, फिरणं, देवपूजा, भाजी आणणं, पाण्याच्या टाकीत डोकावणं, सगळं चौकोनात. झोपेलासुद्धा चौकोन होता, राखाडी रंगाचा. झोपेला कशाला, असं मी एकदा विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "नाही ठेवला तर दुसरं कोणीतरी येऊन बसतं."

त्यांचं घराणं मराठी. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी इतक्या वर्षांत पुष्कळ कन्नड खाऊन अंगानं भरली होती. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला अक्का. एका कारखान्यात ते यंत्रांची ड्रॉइंग काढत असत. तिथून निवृत्त झाल्यावर जे. पी. नगरातल्या घराच्या गच्चीवरची खोली त्यांनी भाड्यानं द्यायला काढली आणि ती मला मिळाली.

मी निपाणीचा. बाबा मालाचा टेंपो चालवतात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि त्यात माझ्याइतकाच आमच्या शाळेतल्या सरांचा, बाबांचा आणि त्या टेंपोचा वाटा आहे. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम लागलं होतं. पहिले सहा महिने चाचणीचे. त्यानंतर कायम केलं तर केलं, नाहीतर परत निपाणी. बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी पेढे वाटून टाकले होते, त्यामुळे परत जायची सोय उरली नव्हती. नकाशावर जे. पी. नगर आणि बेळ्ळंदूर यांच्यात दोन बोटांचं अंतर दिसलं, म्हणून मी ही खोली घेतली. ती दोन बोटं ओलांडायला रोज दीड तास लागतो, हे नकाशानं सांगितलं नव्हतं.

खोली पाहायला गेलो तो दिवस मला अजून आठवतो. अण्णांनी खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, खिडकीची कडी कशी अडकते ते दाखवलं आणि घड्याळाकडे पाहून म्हणाले, "पावणेसात. खोली दाखवणं आयतु, झालं. सातला तुमची ओळख करून घेऊ." मग ते माझ्याकडे पाठ करून कठड्याशी उभे राहिले. मला वाटलं, काही चुकलं. पंधरा मिनिटं आम्ही दोघं एकाच गच्चीवर, एकमेकांना न ओळखता, उभे होतो. बरोबर सातला ते वळले, प्रसन्न हसले आणि आत्ताच भेटल्यासारखे म्हणाले, "या, या. कुठले तुम्ही?" दोन कामांच्या मध्ये एक मोकळा चौकोन हवाच, असा त्यांचा नियम होता. एक काम दुसऱ्यात सांडलं की दोन्ही नासतात, असं ते म्हणत.

त्यांच्या चौकोनांतून कुणी सुटत नसे. भेटायचं असेल तर ते फोनवर रीतसर निमंत्रण पाठवत आणि समोरच्यानं ते स्वीकारल्याशिवाय बोलत नसत. पाण्याची मोटर दुरुस्त करणाऱ्याकडे मेल नव्हता, तर त्याच्यासाठी कागदावर चौकोन काढून तो त्याच्या खिशात सरकवला. त्यांचा चुलतभाऊ एकदा न कळवता साडेचारला आला. अण्णांनी त्याला दारातून आत घेतलं, खुर्चीत बसवलं, हातात पेपर दिला आणि आपण आत निघून गेले. पाहुण्यांचा चौकोन पावणेसहाला उघडायचा. तेवढ्या वेळात अक्कांनी त्या बिचाऱ्याला दोन डोसे आणि दोनदा कॉफी दिली, त्यामुळे चौकोन उघडेपर्यंत पाहुणा निघायच्या बेतात आला होता. आणखी एकदा रिक्षातून येताना चौकात गाड्या तुंबल्या. अण्णांच्या प्रवासाचा चौकोन संपला, तसे ते भाजीची पिशवी घेऊन उतरले आणि चालू लागले. रिक्षावाला "स्वल्प थांबा अण्णा, पाच मिनिटं" म्हणाला, तर अण्णांनी त्याला गंभीरपणे विचारलं, "पाच म्हणजे किती?" ते घरी पोचून कॉफी प्याले, तरी ती रिक्षा चौकातच होती, असं ते सांगत. यातलं निम्मं खरं असावं.

या घरात कॅलेंडराबाहेर राहणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे अक्का. अण्णांनी संध्याकाळी साडेसात ते आठ असा एक चौकोन ठेवला होता, 'अक्कांचं म्हणणं' नावाचा. त्या वेळी ते टीव्ही बंद करून हात मांडीवर ठेवून बसत. अक्का मला एकदा म्हणाल्या, "साडेसातला मला काही म्हणायचंच नसतं रे. मला राग येतो दुपारी तीनला, तेव्हा हे झोपलेले असतात." तरीही त्या रोज साडेसातला शेजारच्या खुर्चीत येऊन बसायच्या आणि शेंगा सोलायच्या. शेंगा सोलून झाल्या की अण्णा उठायचे.

माझी गोष्ट वेगळी होती. मला नाही म्हणताच येत नसे. ज्यांच्या मदतीनं आपण इथवर आलो, त्यांचं ऋण जणू ऑफिसातल्या प्रत्येकाला मदत करूनच फिटणार होतं. कुणी "यार, पाच मिनट" म्हणालं की मी उठायचो. दिवसभर दुसऱ्यांचं काम, आणि माझं स्वतःचं संध्याकाळी उरलेलं. तिसऱ्या महिन्यात आमच्या मॅनेजर मॅडमनी सरळ सांगितलं की तुझं काम चांगलं आहे, पण कधीच वेळेत नाही, आणि असंच राहिलं तर कायम करता येणार नाही. घरी आल्यावर माझा चेहरा पाहून अण्णांनी लाडाची कन्नड हाक मारून विचारलं, "काय अप्पा, तुझा दिवस दाखव." दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनी आपल्या कॅलेंडरात सकाळी सहा दहा ते सहा चाळीस असा चौकोन उघडला, त्याला नाव दिलं 'भाडेकरूचा दिवस', आणि मला निमंत्रण पाठवलं.

तीन आठवडे मी गच्चीच्या पायरीवर बसून शिकलो. आधी कालचा दिवस कुठं गेला ते खरं खरं लिहायचं. डोक्याचं काम सकाळच्या चौकोनात, हाताचं दुपारच्या. चौकोन संपला की हात थांबवायचा, वाक्य अर्धं राहिलं तरी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवून सांगितली. "नाही म्हणायचं नाही, अप्पा. वेळ द्यायची. नाही म्हटलं की माणूस रागावतो. वेळ दिली की निम्मे येतच नाहीत."

आणि खरंच निम्मे आले नाहीत. "चार वाजता ये" म्हटलं की लोकांचं काम आपोआप होऊन जायचं. माझं काम वेळेत जाऊ लागलं. मॅडमनी एकदा सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी त्या आनंदात आयुष्याच्या सगळ्या कोपऱ्यांत चौकोन घातले. बाबांच्या फोनला काही ठरलेली वेळ नसे. माल उतरवताना, चहा पिताना, टेंपो पंक्चर झाला म्हणून, असे ते कधीही करायचे. एका गुरुवारी मिटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला, तेव्हा मी त्यांनाही वेळ दिली. रविवारी दहा ते दहा वीस. बाबा म्हणाले, "बरं, बरं. साहेब लोकांचं असंच असतंय." आवाजात अभिमानच होता.

अण्णांच्यापेक्षा बाबांनी चौकोन जास्त मनावर घेतला. आई सांगायची की रविवारी ते नऊलाच आंघोळ करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि फोन समोर ठेवून बसतात. बोलायचे मुद्दे एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवतात. मधल्या दिवसांत त्यांचा एकही फोन आला नाही. मी ही हकिगत अण्णांना कौतुकानं सांगितली, तेव्हा ते हसले नाहीत. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि झाडांना पाणी घालू लागले.

सहावा महिना संपत आला. सोमवारी अकराला मॅडमबरोबर शेवटची मिटिंग होती, कायम करायचं की नाही ते ठरवणारी. आदल्या रविवारी दहाला बाबांचा फोन आला. पहिला मुद्दा, मामाच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यावर सात-आठ मिनिटं गेली. दुसरा मुद्दा, टेंपोची बॅटरी बदलली. मग पत्रिका सरकवल्याचा आवाज आला.

"आता तिसरा मुद्दा," बाबा म्हणाले. "बुधवारी माल उतरवताना पाय मोडलाय माझा. पलस्तर घातलंय."

मी म्हटलं, बाबा, बुधवारी, आणि आज सांगताय? मागून आईचा आवाज आला की मी चार दिवस सांगतेय, हे फोनला हात लावू देईनात. बाबा म्हणाले, "तुझी उद्याची मिटिंग हाय. आणि रविवार काय लांब नव्हता, बाळा." मग म्हणाले, अजून चार मिनिटं आहेत, जेवण नीट घेतोस का. येऊ नकोस, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

मी खाली गेलो. अण्णांचा पेपरचा चौकोन चालू होता. त्यांनी नेहमीप्रमाणे घड्याळाकडे बोट केलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ठेवा ते." अण्णांनी पेपर खाली ठेवला. भरलेला चौकोन मोडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं की उद्याची मिटिंग करतो आणि मगच जातो, बाबांचंही तेच म्हणणं आहे.

अण्णांनी खाली ठेवलेल्या पेपरची नीट घडी घातली. मग त्यांनी विचारलं, हे कॅलेंडर त्यांना कुणी शिकवलं ते मला ठाऊक आहे का. मी कारखान्याचं नाव घेतलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. त्यांचा एकुलता मुलगा ऑस्ट्रेलियात. चार वर्षांपूर्वी अण्णांनी त्याला असाच भलत्या वेळी फोन केला, तो कामात होता, आणि चांगल्या शब्दांतच म्हणाला की अण्णा, मला कॅलेंडरवर निमंत्रण पाठवत जा ना. निमंत्रण कसं पाठवतात ते अण्णांना येत नव्हतं. शेजारच्या मुलीकडे महिनाभर बसून ते शिकले. रविवारी दीड ते दोन असा चौकोन त्यांना मिळाला.

"एक चौकोन भरला," अण्णा म्हणाले, "आणि बाकीचा दिवस रिकामा दिसायला लागला. म्हणून तोही भरला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बापाला चौकोन देऊ नये, अप्पा. तो त्यात मावतो. तोच त्रास आहे."

मॅडमना मी तिथंच बसून लिहिलं, कारण सांगितलं आणि सोमवारऐवजी गुरुवारची वेळ मागितली. दहा मिनिटांत उत्तर आलं की जा, गुरुवारी अकराला भेटू. संध्याकाळच्या बसनं मी निपाणी गाठली. आलो म्हणून बाबा पहिला अर्धा तास रागावले, आणि नंतर शेजारच्या प्रत्येकाला बोलावून म्हणाले, बघा, मिटिंग टाकून आलाय. गुरुवारी मला कायम केलं. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आदल्या दिवसाचं.

बुधवारी परतीची बस रखडत आली आणि मी घरी पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. अण्णा हॉलमध्ये उभेच होते, हातात फोन, आणि तो कानाला न लावता समोर धरलेला. बाबांचं कसं आहे हे त्यांनी आधी विचारलं. मग एक बटण दाबलं. फोन स्पीकरवर होता. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती; पलीकडे तीन घंट्या झाल्या आणि मुलाचा घाबरलेला आवाज आला. अण्णा, काय झालं, आई बरी आहे ना?

"सगळे बरे आहेत," अण्णा म्हणाले. "सहज केला."

त्यानं पुन्हा विचारलं, खरंच काही नाही ना. अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, मी इथंच उभी आहे. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. बापानं नुसता फोन केलाय, एवढी गोष्ट त्या शिकलेल्या मुलाला पटायला दोन मिनिटं लागली. मग तो हळू आवाजात म्हणाला, थांबा, मी बाहेर येतो. पावलं वाजली, एक दार उघडल्याचा आवाज आला आणि फोनमध्ये एकदम सूं सूं भरलं.

"वारं आहे रे तिकडे," अण्णा म्हणाले.

चार वर्षं दर रविवारी ते बोलत होते, पण तिथलं वारं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी बॅग उचलून हळूच जिना चढलो. वर पोचेपर्यंत खाली वाऱ्याचीच चौकशी चालली होती, कुठल्या बाजूचं आहे, गार आहे का, आणि त्यानं स्वेटर घातलाय का.