बाहीतली माया

गळ्यात सदा मापाची टेप, म्हणून सगळी गल्ली तिला टेपमावशी म्हणायची. शिवणकामाच्या बावीस वर्षांत तिने कुणाचा कपडा फुकट जाऊ दिला नाही. अंग सुटलं की लोक परत यायचे, ती शिवण उसवायची आणि सैल करून द्यायची. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, त्याला माया म्हणतात. मावशी चांगली दोन बोटं माया सोडायची. वर ऐकवायची, "माणूस आहे, लाकडाचा ओंडका नाही. आज एक माप, उद्या दुसरं."

छातीचं ऑपरेशन झालं आणि तिचंच माप बदललं. एक बाजू सपाट झाली, ते तिने आतून कापड भरून निभावून नेलं. पण त्याच बाजूचा उजवा हात सुजत चालला. बोटांत कात्री शिरेना. पाच महिने मशीन झाकून ठेवलेलं. कपडे टाकायला येणारी माणसं तीच काय ती तिची माणसं. ती यायची थांबली आणि घर खायला उठलं. दूरच्या शहरातला मुलगा फोनवर विचारायचा, "हात कसा आहे?" ती "झकास" म्हणून मोकळी व्हायची.

शेवटी ती सुजेवर इलाज करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई मनगटापासून वर मापं घेऊ लागल्या, तेव्हा मावशीला राहवेना.

"अहो, टेप पिळलीय. आणि ओढू नका, माप खोटं येतं."

बाई हसल्या आणि त्यांनी टेप सरळ करून पुन्हा माप घेतलं.

"कात्री धरता येईल ना मला?" एवढंच विचारायला ती दोन बस बदलून आली होती.

"येईल. सूज पूर्ण नाही जाणार, पण उतरेल. रोज बोटांपासून खांद्यापर्यंत पट्टी बांधायची. एका हाताने जमत नाही ते, दुसरं माणूस लागतं. घरी कोण आहे?"

"भरलं घर आहे," मावशी म्हणाली.

"मग पुढच्या वेळी कुणाला तरी घेऊन या, मी शिकवते. आणि तंग बाह्या अजिबात नकोत."

घरी आल्यावर तिने बाईंनी दिलेल्या पट्टीचं टोक दातांत धरून पाहिलं. तीनदा सुटलं. जाऊ दे, निदान बाही तरी सैल करू, म्हणून ती डाव्या हाताने शिवण उसवायला बसली. आत काही नव्हतं. स्वतःचे कपडे तिने नेहमी उरल्यासुरल्या तुकड्यांतून बेतले होते, काठाला काठ लावून.

तेवढ्यात फोन वाजला.

"हात कसा आहे?" मुलाने सवयीने विचारलं.

"बाही होत नाही रे," ती म्हणाली. "सोडायला आत मायाच नाही ठेवली मी." आणि ती रडायला लागली.