पांढऱ्या दुपट्ट्याआडचे बाबा

कसं सांगू, सांगायच्या आधीच माझे कान गरम होतात! पण तुम्ही आपल्याच मैत्रिणी, चहाही अजून उकळायचाय, म्हणून सांगते. मे महिन्यात मी असा घोटाळा केला की आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात आणि मग हा किस्सा.

दहावीची परीक्षा संपली होती. मला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं, तेही साकोलीला, आत्याकडे राहून. ही गोष्ट मी वहीत लिहिली होती, मांजरीला सांगितली होती. बाबांना नाही. बाबा रागीट आहेत म्हणून नाही हो! माझं तोंडच उघडत नाही.

एके दिवशी बाबाच म्हणाले, "चाल, साकोलीले जाऊन येऊ. काम आहे."

कसलं काम? मी विचारलं नाही. अर्थातच.

आता आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात इथे माणसाला चेहराच नसतो. बाबांच्या डोक्या-तोंडाला पांढरा दुपट्टा, वर गॉगल. माझा पांढरा सनकोट, तोंडाला ओढणी, वर गॉगल. बाबांच्या काळ्या मोटारसायकलवर अड्याळहून निघालो तेव्हा शेजारच्या काकूंनी मला आई समजून "वहिनी" म्हणून हाक मारली, म्हणजे बघा!

हायवेच्या पेट्रोल पंपावर रांग होती. बाबा म्हणाले, "उतर, पुढं झाडाखाली उभी राय. मी पेट्रोल भरून येतो."

कडुलिंबाखाली माझ्यासारखाच आणखी एक पांढरा सनकोट उभा होता. बोलावं लागेल म्हणून मी लगेच पाठ फिरवली आणि निरीक्षण सुरू केलं. माझी नजर फार बारीक आहे, असं आमचे सर म्हणतात. 'हवा मोफत'मधला 'ह' पुसला होता. पेट्रोल भरणाऱ्या दादांच्या एका पायात निळी चप्पल होती, दुसऱ्यात काळी. सगळं सगळं टिपलं! तेवढ्यात काळी गाडी येऊन थांबली. पांढरा दुपट्टा, गॉगल.

"बस वो पोरी."

बसले. चपलांचे रंग पाहणारीने माणूस तेवढा पाहिला नाही.

थोडं पुढे गेल्यावर आवाज आला, माठात तोंड घालून बोलल्यासारखा. "भेऊन तं नाही राहिली ना?"

मी मान हलवली. मागे बसून मान हलवली तर पुढच्याला काय दिसणार? पण सवय!

"पाहुणे येऊन बसले असतील. पोरगा चांगला आहे, बँकेत आहे."

पोरगा?

"चहा देताना हात कापू देऊ नको. पसंत पडली तं दिवाळीच्या आतच उरकून टाकू."

म्हणजे हे होतं 'काम'! भर उन्हात मला थंडी वाजली. माझे बाबा? माझ्या वह्यांना स्वतः कव्हर घालून देणारे बाबा? माझं सायन्स गेलं, साकोली गेली. डोळ्यांतलं पाणी गॉगलच्या आतच साचायला लागलं.

"काहून गप्प? सकाळी तं तोंड थांबत नव्हतं तुझं!"

आता इथे तरी संशय यावा की नाही? नाही आला! मला वाटलं, बाबा टोमणा मारत आहेत. आणि मग, काय झालं कोण जाणे, दहा वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं.

"मले नाही करायचं लगन! मले अकरावी करायची आहे! सायन्स! आत्याच्या घरी भांडे घाशीन, पण चहा नाही देणार कोणाले!"

बाजूच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, इतकी ओरडले मी. गाडी करकचून थांबली.

"अकरावी? अवो, तुझं तं मागच्या साली बी. ए. झालं!"

गॉगल निघाला. दुपट्टा सुटला. आतून मिशी निघाली! माझ्या बाबांना मिशी नाही.

"तू कोण वो?"

मला माझं नाव आठवेना.

"मंग आमची प्रिया कुठं गेली?"

तेवढ्यात मागून बाबांची गाडी आली, अगदी हळूहळू. मागे बसलेला सनकोट दोन्ही हातांनी हातवारे करत बोलत होता. आम्हाला पाहून तो किंचाळला, "अगा काका! तुमी इथं, तं मी कोणाच्या गाडीवर बसली?"

प्रियाताई म्हणजे त्या काकांची पुतणी. काका पोट धरून हसायला लागले. "भाऊ, तुमाले शंका नाही आली? आमची पोरगी पंपापासून बोलतच असन."

बाबा माझ्याकडे पाहत म्हणाले, "येऊन राहिली होती ना शंका. पण मले वाटलं, आज कुठं माझ्या पोरीचं तोंड उघडलं. मधात टोकलं तं पुन्हा बंद होईल. म्हून गाडी बी हळूच चालवली."

मी रस्त्यावरचे खडे मोजत होते.

"तुमची बी काही कमी नाही," काका म्हणाले. "लगन नाही म्हणते, सायन्स म्हणते. माझे कान बसले!"

"तूनं सांगितलं?" बाबांचा विश्वासच बसेना. "मंग मले काहून नाही सांगत वो? मी तं कॉलेजातच चौकशी कराले चाललो होतो. सायन्स घेते का आर्ट, हे दोन हप्त्यांपासून तुले विचारीन विचारीन म्हणत होतो. जमतच नव्हतं."

आता कळलं ना, मी कोणावर गेले आहे ते?

काका पुतणीला घेऊन पाहुण्यांकडे पळाले. आम्ही कॉलेजात पोहोचलो. खिडकीतल्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोणती शाखा?"

मी तोंड उघडलं. शब्दच नाही! साहेबांनी पुन्हा विचारलं. बाबाही माझ्याकडेच पाहत राहिले. मागची रांग चुळबुळायला लागली.

शेवटी बाबा खिडकीत वाकले आणि हळूच म्हणाले, "साहेब, तुमच्यापाशी गाडी आहे का? इले मागं बसवा अन् हायवेवर एक चक्कर मारून आणा. मंग सारं सांगते."