पूर्णेत सोडलेले सात खंड

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुस्तकांवर लिहायचा मला काही हक्क नाही. पण ही पुस्तकं मीच बुडवली, तेव्हा सांगणंही माझ्याकडंच लागतं.

कुरुंद्याकडं आमची हळदीची शेती. माझी बायको तालुक्याच्या गावी एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडं स्वयंपाकाला जायची. बाबा नगरकडचे, एकटेच राहायचे. नव्वदच्या पुढच्या सालांत त्यांची नजर गेली आणि लेक त्यांना न्यायला आली. लेकीच्या दोन खोल्यांत जागा नव्हती, म्हणून कातडी बांधणीचे सात जाडजूड खंड त्यांनी बायकोच्या हवाली केले. युरोपातल्या कुण्या धर्मपंडिताचं सगळं लिखाण होतं ते. पोपला न मानणाऱ्या, सुधारणा केलेल्या पंथाचा माणूस. लॅटिन भाषा, तीनशे वर्षांपूर्वीची छपाई. बायकोला एवढंच कळलं, की असे सातही खंड एका जागी इकडं दुसरीकडं कुठं नाहीत.

"मी न्यायला येईन किंवा माणूस पाठवीन. तोवर सांभाळशील, बाई?"

"सांभाळते, बाबा."

तिला अक्षर येत नव्हतं. पण दरसाल दसरा झाला की ती सातही खंड सावलीत बाजेवर मांडायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, पान न् पान उलटायची. पहिल्या खंडात त्या पंडिताचं चित्र होतं, लांब दाढी आन् डोक्यावर चपटी टोपी. शेजारची भावजय विचारायची, "काय वो बाई, सासरा बाहेर काढला का?"

"सासऱ्यापरीस बरा हाय," ही म्हणायची. "च्या मागत न्हाई."

मला मात्र त्या पुस्तकांची अडचण वाटायची. घरात एकच लाकडी कपाट, त्यात हे सात जण बसलेले.

एका साली आमच्या लेकीच्या बाळंतपणाला बायको पुसेगावला गेली. सव्वा महिना मी एकटाच होतो. कपाटाशेजारी रचलेलं हळदीचं बेणं, म्हणजे लावणीचे कंद, काढताना बघितलं तर कपाटाच्या पाठीमागून वाळवी चढलेली. खालचे दोन खंड आतून पोखरलेले. उचलले तर हातात मातीच आली. वरचे पाच धड होते. हे मला तेव्हाच दिसलं होतं.

आमच्याकडं पोथी जीर्ण झाली की जाळत नाहीत, रद्दीला देत नाहीत. हळदीकुंकू लावून वाहत्या पाण्यात सोडतात. आईनं तसंच केलेलं मी बघितलं होतं. मी म्हणलं, देव कुणाचा का असंना, पुस्तक देवाचंच. आन् दोन गेल्यावर पाच ठेवून काय करायचं? अर्धवट पोथी घरात ठेवत नाहीत. हे झालं मनाला सांगायचं कारण. खरं म्हणजे मला कपाट मोकळं पाहिजे होतं.

सातही पोत्यात घातले, सायकलला बांधले, पूर्णेवर नेले. हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले. कातडी जड, मला वाटलं लगेच बुडतील. पण धड होते ते बराच वेळ तरंगले. एक तर मधोमध उघडला आणि पानं पसरून तसाच वाहत गेला.

बायको आली, कपाट उघडलं. आत बेण्याची पोती.

"बाबाचे खंड कुठं हायती?"

"पूर्णेत सोडले. वाळवी लागली व्हती."

"सगळ्यायला?"

मी सांगितलं, दोनालाच.

ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "मला इचारायचं तरी." मी वर तोंड करून म्हणालो, "काहून? तुला कुठं वाचता येऊन राहिलं?" असं बोललो मी.

पुढं आपला हिंगोली जिल्हा नवा झाला, त्याच्या आसपास एक दिवस दारात जीप थांबली. लेकीचा हात धरून पाद्रीबाबा उतरले. कुठल्याशा कॉलेजात खंड ठेवायचे ठरले होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून बाजेवर बसून त्यांनी दोन्ही हात पुढं केले. निदान एक खंड तरी आधी हातात द्या, म्हणाले.

मी खांबाला टेकून उभा होतो. बोलायला मी पाहिजे होतं.

बायको म्हणाली, "बाबा, वाळवीनं खाल्ले. माझं ध्यान न्हाई राह्यलं."

"सगळेच?"

"सगळेच."

त्यांनी हात मांडीवर ठेवले. "असू दे, बाई. तू पुष्कळ केलंस." चहाला थांबले नाहीत. जीप गेल्यावर ती चुलीपुढं बसली आणि मी शेतात निघून गेलो. दसऱ्याला रिकामी बाज सावलीत असायची, बायको त्या बाजेकडं बघायची नाही.

त्यावर आम्ही कधी बोललो नाही. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मी म्हणायला पाहिजे होतं, की बाबांना चिठ्ठी लिहू, खरं काय ते कळवू. रोज उद्यावर ढकललं. ती गेल्यावर लिहिली, तर त्यांच्या लेकीचं उत्तर आलं की बाबा आधीच वारले.

म्हणजे बाबा जाताना हेच मनात घेऊन गेले, की त्या बाईनं हयगय केली. तिनं केली नव्हती. पाच खंड धड होते आणि ते तिच्यामुळंच धड होते.