चुलीत गेलेलं भेदरं

बाजारात मिळतो तो टमाटर आणि घरच्या वाडीत होतं ते भेदरं, असं आमच्या कुरखेड्याकडे धरतात. टमाटर गोल, लालभडक, फेकून मारला तरी फुटत नाही. भेदरं बोराएवढं, पातळ सालीचं, अन् असं आंबट की खाणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटतो.

माझी शेजारीण बुधरी दोन्ही लावते. धान कापून झाला की बोडीच्या छोट्या तळ्याजवळ, धानाच्या रिकाम्या बांधीत तिची रोपं उभी राहतात. गोल, लांबडे, पिवळे टमाटर आणि कडेला धुऱ्यापाशी हे भेदरं. खत शेणाचं, फवारा निंबाच्या पाल्याचा. औषधाची बाटली तिनं कधी घरात आणली नाही. लोक म्हणतात, शहरात अशा मालाला लय मान आहे. असेल बापा, पण बोडीतून बादल्या वाहायला शहरातून कोणी येत नाही. संध्याकाळी माझ्या ओट्यावर टेकली की म्हणते, "बाई, हे हात आता मले माहे वाटतच नाई."

"मंग एकच जात लाव ना. हे बारकं भेदरं कोन घेते?"

"अन् माहा बुढा काय खाईन?"

बुढा म्हणजे तिचा नवरा लच्छू. मागल्या साली ताप आला, तेव्हापासून त्याच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. घास नुसता गालात फिरवत बसायचा. भेदऱ्याची चटणी असली तरच ताट रिकामं व्हायचं.

त्याचं बी ठेवायची बुधरीची रीत तिच्या आईची. उन्हाळ्यात पिकलेलं भेदरं ओल्या गोवरीवर फोडायचं, बी तिथंच चिकटून वाळतं. मग ती गोवरी चुलीवर आढ्याला टांगायची. धुरानं कीड लागत नाही.

या पावसाळ्यात घरात नवी सून आली, रंजीता. माहेर माजरीचं, दगडी कोळशाच्या शेगडीवर वाढलेली पोर. एक दिवस पाऊस थांबेना, सिलिंडर संपलेलं, लाकडं ओलीचिंब, आणि नेमके तिच्या माहेरचे पाहुणे आले. तिला आढ्याला कोरडी गोवरी दिसली. चहा झाला.

बुधरी घरी आली. आधी आढ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे.

"काय झालं, आई?" रंजीता घाबरली.

बुधरी मटकन बसली. "चहा तरी बरा झालता का?"

ज्यांना ज्यांना तिनं बी दिलं होतं, त्यांच्या दारी ती चिखल तुडवत गेली. मंगली म्हणाली, "आता कोन लावते व? बाजारात भेटते ना." सगळीकडे तेच. लच्छूचं ताट पुन्हा अर्धं राहू लागलं.

दिवाळी झाल्यावर माझ्या न्हाणीमागे, बुधरीच्या भेदऱ्याची चटणी वाटून पाटा धुतल्याचं पाणी जातं तिथं, एक झाड दिसलं. तण समजून उपटायला वाकले, तर हाताला भेदऱ्याचा वास आला. मी तिथूनच बुधरीला हाक मारली. तिनं येऊन बांबूच्या काड्या रोवल्या, कोंबड्या हाकलल्या. पुढे माझी आंघोळही तिच्या परवानगीनं.

फळं धरली, पण बोरापेक्षा मोठी. बुधरीनं चटणी वाटली. लच्छूनं घास घेतला. त्याचे दोन्ही डोळे उघडेच राहिले.

"हे आपलं नोहे. टमाटराची हवा लागली याले."

"मंग ठेव ताट खाली."

"ठेवू कायले?" म्हणत त्यानं आणखी भात मागितला.

मग बुधरी एकेक फळ चाखत बसली. जे जास्त आंबट, त्याचं बी गोवरीवर. तिचे दात आंबून गेले.

"दरसाल असंच निवडत राह्यलं का जुनं भेदरं येईन," ती म्हणाली.

"तवरी आपन राहू काय?" मी विचारलं.

"तू पाटा धुत राय."

रंजीतानं गोवरीला लाल चिंधी बांधली. लच्छू म्हणाला, "देव केला काय व गोवरीचा?"

"देव नाई, मामाजी. पन आता जाळाले माहा हात नाई उचलनार."

बुधरीला हसायचंही त्राण नव्हतं. भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. बांधीचं पाणी व्हायचं होतं. रंजीतानं बादल्या उचलल्या अन् आवाज न करता बोडीकडे गेली.